कृष्णेच्या काठाने वर, वेण्णेच्या काठाने खाली: सातारा जिल्ह्यातल्या शेतीवाटांचा चार दिवसांचा सायकल मार्ग

कृष्णा आणि वेण्णा दोघींचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरात. तिथून त्या वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला पुन्हा भेटतात. हा सायकल मार्ग त्या दोन खोऱ्यांचाच आहे. संगमापासून कृष्णेच्या बाजूने लिंब, पाचवड, वाई, धोम करत पसरणी घाटाने वर चढायचं आणि वेण्णेच्या बाजूने केळघर, मेढामार्गे साताऱ्याला उतरायचं. सगळं मिळून साधारण १६० किलोमीटर, चार दिवस, तीन मुक्काम.

अंतर पाहून दोन दिवसांत उरकण्याचा मोह होईल. पण या मार्गाचं मोल किलोमीटरमध्ये नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि घाट उतरून पस्तीसेक किलोमीटरवरच्या वाईला जेमतेम सात-आठशे. एवढ्या थोड्या अंतरात पाणी इतकं बदलतं, म्हणून पीक बदलतं, भाकरीचं धान्य बदलतं, बाजारात मिळणारी वस्तू बदलते. खाली ऊस, हळद, ज्वारी. वर स्ट्रॉबेरी, गाजर, मध. पलीकडच्या उतारावर भात आणि नाचणी. हा बदल गाडीच्या काचेतून कळत नाही. सायकलवर तो नाकाला आणि पायांना कळतो. त्यासाठी थांबायला वेळ हाताशी हवा.

कधी जायचं

जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. या दिवसांत तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात: उसाची तोड आणि गुऱ्हाळं, हळदीची काढणी आणि शिजवण, आणि स्ट्रॉबेरीचा भर हंगाम. नोव्हेंबरमध्ये गेलात तर मेढ्याकडे भाताची कापणी-झोडणी पाहायला मिळते, पण हळद अजून जमिनीत असते आणि स्ट्रॉबेरी नुकती सुरू झालेली, म्हणून महाग. मार्चमध्ये स्ट्रॉबेरी स्वस्त होते, मात्र खोऱ्यात दुपारी अकरानंतर ऊन सोसवत नाही. एप्रिल-मे हा जांभूळ, करवंद आणि मधाचा काळ. तेव्हा फक्त वरचा टप्पा करावा. जून ते सप्टेंबर हा मार्ग सायकलसाठी नाहीच. दोन्ही घाटांत धुकं असतं, दरडी येतात, आणि ओल्या उतारावर भरलेल्या सायकलचे ब्रेक साथ देत नाहीत.

वारही बघून ठरवा. शनिवारी सकाळी पसरणी घाट पर्यटकांच्या गाड्यांनी भरतो आणि रविवारी दुपारनंतर त्याच गाड्या घाईने उतरतात. रविवारी किंवा सोमवारी साताऱ्याहून निघालात की घाटाचा दिवस मंगळवारी किंवा बुधवारी येतो. तेच बरं.

पोहोचणं

सातारा रेल्वे स्थानक गावापासून बाजूला, माहुलीच्या अंगाला आहे. गाडीने येणाऱ्यासाठी ही सोयच, कारण मार्गाची सुरुवात तिथेच होते. सायकल रेल्वेने आणायची तर निघण्याच्या स्थानकावरच्या पार्सल ऑफिसात गाडीच्या वेळेआधी किमान दोन तास पोहोचा. ओळखपत्राची प्रत, तिकिटाची प्रत, आणि सायकलच्या दांडीला बांधलेलं नाव-फोन-स्थानकाचं पुठ्ठ्याचं लेबल लागतं. पेडल काढा, हँडल आडवं फिरवा, मागच्या डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) जाड कापड गुंडाळा. पार्सलच्या डब्यात सायकलवर पोती पडतात आणि सगळ्यांत आधी डिरेलर ज्या पट्टीवर बसतो तो हँगर वाकतो. तो वाकला की गिअर आपोआप उड्या मारतात आणि सर्वांत मोठ्या गिअरला डिरेलर स्पोकमध्ये अडकण्याची भीती असते. म्हणून सुटा हँगर सोबत ठेवा. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि छोट्या दुकानात मिळत नाही.

एसटीने येणार असाल तर ज्या गाडीला टपावर कॅरिअर आहे तीच गाडी हवी. नव्या गाड्यांना बहुधा तो नसतो, त्यामुळे आगारात आदल्या दिवशी विचारून घ्या.

सायकल आणि सामान

पसरणी घाटाचा सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर, पाचगणी सुमारे १,२९० मीटर, मध्ये बारा-तेरा किलोमीटर. हा चढ अवघड नाही, पण मागे आठ-दहा किलो सामान असताना लांबतो. पुढचं सर्वांत लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) जितक्या दातांचं, तितक्याच किंवा जास्त दातांचं मागचं मोठं चक्र हवं. म्हणजे पुढे ३४ असेल तर मागे निदान ३४. पुढे ३९ आणि मागे २५ अशी रोड बाइक घेऊन सामानासकट चढलात तर गुडघे दुखतील. टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंद. ३२ च्या टायरमध्ये हवेचा दाब ६० ते ६५ पीएसआय, ४० च्या टायरमध्ये ४५ ते ५० पुरे. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा चार-पाच जास्त.

ब्रेक पॅड निघण्याआधी बघा. डिस्क ब्रेकच्या पॅडवरचा थर मिलिमीटरभर उरला असेल तर बदला, चौथ्या दिवशी सहाशे मीटरपेक्षा जास्त उतरायचं आहे. रिम ब्रेक असेल तर पॅडमध्ये रुतलेले धातूचे कण सुईने काढा, नाहीतर ते रिम खातात.

पंक्चरचं मुख्य कारण बाभळीचे काटे. बांधावरची बाभूळ तोडून कुंपणाला लावलेली असते आणि तिचे काटे पाणंदीत पडतात. ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. काटा बाहेरून तुटलेला आणि आतून टोक काढून बसलेला असतो, दुसरी ट्यूब पाच मिनिटांत जाते. दोन ट्यूब, ठिगळांचा संच, पंप, टायर लिव्हर, चेन तोडायचं हत्यार, एक क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) आणि ॲलन किल्ल्या एवढं पुरे. वाईला आणि साताऱ्याला सायकलची दुकानं आहेत. पाचगणी ते मेढा या टप्प्यात मात्र काही मिळेल असं धरू नका.

मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या, त्यातली एक निम्मी रिकामी. घरी नेण्याच्या वस्तू तिच्यात येतील. शिवाय घट्ट झाकणाची अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली, दोन सुती पिशव्या आणि सुट्टे पैसे. शेताच्या बांधावर ऑनलाइन पैसे चालतात, पण रेंज असेलच असं नाही.

पहिला दिवस: माहुली, लिंब, पाचवड, वाई (साधारण ५० किमी)

संगम माहुलीला सकाळी लवकर पोहोचा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचं हे गाव. घाटावर उभं राहून दोन्ही प्रवाह कुठून येतात ते नीट बघून घ्या, पुढचे चार दिवस त्यांच्याच उलट-सुलट दिशांनी जायचं आहे. तिथून साताऱ्याच्या बाजूने वाढे फाट्यावर येऊन महामार्गाला लागायचं. जिथे सेवा रस्ता आहे तिथे तोच धरा. नसेल तिथे पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे. पुलांवर पट्टी अरुंद होते, म्हणून पुलाआधी मागे बघून मगच पुढे व्हा.

लिंब फाटा साताऱ्याहून बारा-तेरा किलोमीटरवर. गाव महामार्गाच्या पूर्वेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला आहे. दुभाजकातल्या फटीतून रस्ता ओलांडायचा नाही. खालच्या भुयारी रस्त्यानेच पलीकडे जा. फाट्यापासून दोन-तीन किलोमीटरवर लिंबशेरीची बारामोटेची विहीर आहे, आणि पहिल्या दिवसाचा निवांत वेळ इथेच द्यायचा.

शाहू छत्रपतींच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली. वरून पाहिलं तर अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली आयताकृती उपविहीर आणि दोन्हींच्या मधल्या भागावर छोटा महाल. व्यास सुमारे ५० फूट, खोली ११० फूट. पर्यटक इथे जिना उतरतात, कमानीत फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही आधी वरच्या काठाने फिरा. ही वास्तू मुळात पाणी उपसण्याची यंत्रणा आहे, आमराईला पाणी देण्यासाठी बांधलेली. ती काठावरूनच समजते. बारा मोटा चालत म्हणून हे नाव, सोय पंधरा मोटांची आहे.

मोट कशी चालते हे माहीत असेल तर दगडांची मांडणी वाचता येते. मोट म्हणजे मोठी चामडी पिशवी, तिच्या खालच्या अंगाला सोंड. मोटेच्या तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, पुढे निघाले की भरलेली मोट वर येते. काठाशी येताच सोंदूर सोंडेला थारोळ्याकडे, म्हणजे काठावरच्या कुंडाकडे, ओढतो आणि पाणी आपोआप रिकामं होतं, कोणी मोटेला हात लावत नाही. मग बैल पाठमोरे चालत धाव चढतात आणि मोट पुन्हा पाण्यात जाते. थारोळ्यातून पाटात, पाटातून वाफ्यात, आणि तिथे दारं धरणारा, म्हणजे पाणी वळवणारा माणूस. काठावर उभं राहून प्रत्येक मोटेला लागणारी धाव कुठल्या दिशेला गेली असेल आणि एवढ्या बैलजोड्या एकमेकांना आड न येता कशा चालल्या असतील, याचा अंदाज घ्या. तीनशे वर्षांपूर्वीचं सिंचन म्हणजे काय ते इथे कळतं, आणि उद्या धोमचं धरण बघताना उपयोगी पडतं.

विहिरीच्या पायऱ्या खाली खाली गुळगुळीत होत जातात. सायकलच्या बुटांना तळाला धातूची क्लीट असेल तर ते काढून उतरा.

लिंबहून परत महामार्गाला, मग उत्तरेकडे पाचवड. पाचवडला महामार्ग सुटतो आणि डावीकडे वाईचा बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता लागतो. दोन्ही हाताला ऊस, मध्ये मध्ये हळद. इथे सावध राहायचं ते ऊसवाहतुकीपासून. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला कापते. ट्रॉली जात असताना तिच्या आणि रस्त्याच्या कडेच्या मध्ये कधीही सापडू नका. तुम्हीच खाली उतरून थांबा. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, त्यामुळे संध्याकाळी सहाआधी वाईत पोहोचा. रस्त्यावर सांडलेला ऊस आणि पाचट यांच्यावरून चाक घसरतं, ते ओले असतील तर जास्तच.

ऊसतोड करणाऱ्या टोळ्या बहुतेक मराठवाड्यातून आलेल्या असतात. त्यांच्या खोपी म्हणजे त्यांची घरं आहेत. परवानगीशिवाय फोटो काढू नका, तोड चालू असताना फडात शिरू नका.

वाटेत चिमणीचा धूर आणि गोड वास आला की गुऱ्हाळ आहे असं समजा. सायकल बाहेर लावा, "रामराम दादा, बघू का जरा?" एवढं पुरेसं असतं. रस काहिलीत घेतात, खाली चुलवाणात चिपाड जळतं. रस तापताच मळी वर येते. ती वर यावी म्हणून जंगली भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात आणि झाऱ्याने ती काढून टाकतात. १०५-१०६ अंश सेल्सियसला काकवी होते, ११८ च्या आसपास गूळ. गुळव्या मात्र थर्मामीटर बघत नाही. तो चिमूटभर पाक थंड पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहतो. दोन अंश आधी उतरवला तर गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाझरतो, उशीर झाला तर जळका वास येतो. शंभर किलो उसापासून दहा-बारा किलो गूळ मिळतो.

घेताना फार पिवळाधमक, चकचकीत गूळ टाळा, तो रंग बहुतेकदा हायड्रोस (रंग उजळवणारं रसायन) घालून आणलेला असतो. तांबूस-तपकिरी, बोटाने दाबल्यावर कडक आणि जिभेवर खारट न लागणारा घ्या. काकवी घ्यायची तर पूर्ण थंड झाल्यावर, स्टीलच्या बाटलीत, वर दोन बोटं जागा ठेवून. गरम काकवी घट्ट झाकणात भरली की आत वाफेचं पाणी सुटतं आणि ती आंबते.

मुक्काम वाईत. संध्याकाळी घाटावर ढोल्या गणपतीपाशी बसायला जागा छान आहे. जेवणात ज्वारीची भाकरी आणि घेवड्याची आमटी मागा. कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, लालसर रेघांवरून ओळखा; चौथ्या दिवशी साताऱ्याच्या बाजारात विकत घेता येईल.

दुसरा दिवस: मेणवली, धोम आणि हळद (साधारण २० किमी)

हा दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे. उद्या घाट आहे, आणि हळदीला वेळ लागतो.

सकाळी मेणवली, वाईपासून तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट. घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा वसईच्या मोहिमेत (१७३९) पोर्तुगिजांकडून मिळालेली. तिथून पुढे सहाएक किलोमीटरवर धोम. महादेवाच्या देवळासमोर कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. गावाच्या वर धरणाची भिंत. साडेतेरा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी साठवणाऱ्या या धरणाच्या कालव्यांवर खालच्या खोऱ्यातला बराच ऊस उभा आहे. लिंबच्या विहिरीला बैल लागत होते, इथे उतारच पाणी पोहोचवतो. कालच्या उसाच्या फडांचं कारण इथे समोर दिसतं. भिंतीच्या क्षेत्रात फोटो आणि सायकल दोन्हींना मनाई असू शकते, पहारेकऱ्याचं ऐका.

परतताना हळद. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद नऊ महिन्यांनी, जानेवारीनंतर काढतात. आधी पाला कापतात, मग जमीन थोडी वाळू देऊन खणतात. एका गड्ड्यातून निघणाऱ्या प्रत्येक भागाची वाट वेगळी. मधला मातृकंद म्हणजे जेठा गड्डा, त्याच्या बगलेला फुटलेले बगल गड्डे. हे बेण्यासाठी राखतात. लांब बोटांसारखी हळकुंडं शिजवून विकतात. कुजका, हलका सोरा गड्डा वेगळा काढतात.

शिजवणं हा खरा कसबाचा भाग. पूर्वी मोठ्या काहिलीत हळकुंडं पाण्यात पाऊण-एक तास शिजवत. आता बहुतेक ठिकाणी वाफेचा कुकर आहे आणि काम अर्ध्या वेळेत होतं. हळद शिजली की नाही हे काडीने कळतं, वाळलेली काडी हळकुंडात सहज शिरली पाहिजे. कमी शिजली तर वाळताना आतला रंग फिका राहतो आणि पॉलिश करताना तुकडे पडतात. जास्त शिजली तर रंग काळपट होतो. नंतर दहा ते पंधरा दिवस उन्हात पातळ थर करून वाळवण, रात्री झाकून. दव लागलं की डाग पडतात. शेवटी लोखंडी पिंपात फिरवून वरची साल घासतात. शंभर किलो ओल्या हळदीची वीस-पंचवीस किलो वाळलेली हळद होते. हे प्रमाण लक्षात ठेवलंत तर भावात घासाघीस करायचं मनात येणार नाही.

घेताना पूड घेऊ नका, हळकुंड घ्या. हातात धरून मोडा: टणकन आवाज करून तुटलं पाहिजे आणि आत गडद नारिंगी, चकाकता रंग हवा. वाकलं तर ओल आहे, पिशवीत बुरशी येईल. घरी गेल्यावर गिरणीत दळून घ्या. अर्धा किलो पुरे. उद्या ते वजन घाटात तुमच्याबरोबर चढणार आहे.

शेतात शिरण्याचे चार नियम इथेच सांगतो, पुढेही तेच. पाट ओलांडताना त्याच्या काठावर पाय देऊ नका, काठ फुटला की पाणी भलत्या वाफ्यात जातं. ठिबकच्या नळ्यांवरून सायकल नेऊ नका. वाळत घातलेल्या मालावर सावली धरू नका. आणि चव बघायला दिली असली तरी काहीतरी विकत घ्या.

तिसरा दिवस: पसरणी घाट, पाचगणी, भिलार (साधारण २२ किमी)

सहाला निघा. वाईबाहेर पडलं की शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव आणि लगेच चढ. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू, श्वास बोलण्याइतका ठेवून. बहुतेकांचा दम घाटाने नाही, सुरुवातीच्या घाईने जातो. ताशी सहा ते आठ किलोमीटरचा वेग धरला तर दीड ते दोन तासांत दांडेघरच्या नाक्याला पोहोचता. दर अर्ध्या तासाला थोडा गूळ-शेंगदाणे, आणि दीड लिटर पाणी सोबत. मध्ये खात्रीचं पाणी मिळेल असं धरू नका.

घाट अरुंद आहे. कठड्याला चिकटून चढू नका. कडेपासून हातभर आत राहा म्हणजे गाड्यांना तुम्ही दिसता आणि चुकवायला तुम्हालाही जागा उरते. नागमोडी वळणाच्या आतल्या बाजूला चढ सर्वांत तीव्र असतो, वळणाआधी एक गिअर हलका करा. वळणात जोर देत गिअर बदलला की चेन उतरते. थांब्यांवर माकडं असतात. हँडलच्या पिशवीतलं केळं ती पिशवीची झिप उघडून नेतात, म्हणून थांबलात तर पिशवी हातात. वरून मागे पाहिलं की धोमचा जलाशय आणि कालचा पूर्ण दिवस खाली पसरलेला दिसतो.

पाचगणीत न्याहारी करून महाबळेश्वर रस्त्याने पुढे, सात-आठ किलोमीटरवर आत वळून भिलार. ४ मे २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. घरोघरी मराठी पुस्तकांची दालनं, कोणीही आत जाऊन वाचावं. गावाचं पोट मात्र स्ट्रॉबेरीवर. बऱ्याच घरांत राहण्या-जेवण्याची सोय होते. दुपार इथे घालवा.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं चक्र या मार्गासारखंच वर-खाली फिरतं. परदेशातून आणलेल्या मातृरोपांची रोपवाटिका वाईच्या बाजूला करतात, कारण वरच्या पावसात ती टिकत नाहीत. तिथे धुमारे वाढवून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपं वर आणून लावतात. उंच गादीवाफा, त्यावर मल्चिंगचा कागद, खाली ठिबक. कागदामुळे फळ मातीला टेकत नाही. टेकलं की एका रात्रीत करडी बुरशी येते. तोडणी सकाळी लवकर, दव सुकताच. दुपारी तोडलेलं फळ गरम असतं आणि डब्यात घाम सोडतं. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा, नाबिला या जाती शेतकऱ्याकडून विचारून एकेक चाखा. फरक मोठा आहे.

स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. देठाजवळ पांढरी असलेली स्ट्रॉबेरी घरी जाऊन लाल दिसेल, पण गोड होणार नाही. म्हणून देठापर्यंत लाल आणि वास येणारीच घ्या. सायकलवर न्यायची तर उद्या सकाळी निघताना, एकेरी थराच्या छोट्या डब्यात, हँडलच्या पिशवीत. मागच्या कॅरिअरला प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट बसतो, संध्याकाळपर्यंत तिथे फक्त रस उरतो. धुऊन ठेवू नका. दोन दिवसांपेक्षा जास्त प्रवास बाकी असेल तर फळांऐवजी जॅम किंवा क्रश घ्या. रस्त्यावरच्या गुरेघर परिसरात फळप्रक्रियेची मोठी दुकानं आहेत. मॅप्रो ही कंपनी पाचगणीतच १९५९ मध्ये सुरू झाली.

चौथा दिवस: महाबळेश्वर, केळघर, मेढा, सातारा (साधारण ७० किमी)

पहाटे इथे चांगलीच थंडी असते. उतारावर बोटं गारठली की ब्रेक दाबता येत नाही, पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. वेण्णा तलावाशी गाजरं-मुळे विकणाऱ्या मावश्या बसतात. गाजर घ्या, ते सायकलवरचं उत्तम खाणं आहे. पाय ताजे असतील तर क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर पाहून या, येऊन-जाऊन बारा किलोमीटर वाढतील. थंड हवेमुळे इथे गहू गेरवा संशोधन केंद्रही आहे. स्ट्रॉबेरीच्या गावात गव्हाच्या रोगाचा अभ्यास चालतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

मधाबद्दल थोडं. तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. इथे पेट्यांत पाळतात ती सातेरी माशी. रस्ता उतरून पुन्हा चढावा लागत असल्याने मांघरला जायचं तर भिलार-महाबळेश्वर परिसरात एक मुक्काम वाढवा. मध घेताना फुलोरा विचारा: जांभळाचा मध गडद आणि किंचित तुरट, हिरड्याचा वेगळा. थंडीत मध साखरेसारखा जमला तर तो भेसळीचा ठरत नाही. बरेच शुद्ध मध जमतात. गरम पाण्यात बाटली ठेवली की सुटतो. कड्यांवर आग्या माशीची पोळी असतात, घाटात उदबत्ती, धूर, अत्तर टाळा आणि पोळ्याखाली थांबू नका.

मेढ्याचा रस्ता गावातच विचारून घ्या, आणि केळघर घाट चालू आहे ना तेही. उतरण्याआधी पाच मिनिटं सायकल बघा: चाकं घट्ट धरणारे स्क्यूअर, ब्रेक, पिशव्यांचे पट्टे. उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग कमी करा, मग सोडा आणि वळा. सतत दाबलेला ब्रेक तापतो. डिस्कमध्ये लिव्हर मऊ पडते, रिम ब्रेकमध्ये ट्यूब फुटू शकते. दर तीन-चार किलोमीटरला थांबून डिस्कजवळ हात न्या, पण स्पर्श करू नका. धग जाणवली तर दहा मिनिटं थांबा.

घाटाच्या उतारावर पायऱ्यांसारखी भातखाचरं आणि वर नाचणी-वरीच्या वरकस जमिनी. फेब्रुवारीत खाचरं रिकामी असतात, पण बांधांची दगडी रचना तेव्हाच दिसते. केळघर-मेढा पट्ट्यात खानावळीत नाचणीची भाकरी मागितली तर मिळते. आधी फोन केला तर नक्की. ती करणं कौशल्याचं काम आहे, पीठ उकळत्या पाण्यात मळलं नाही तर थापताना फाटते. सोबत खर्डा आणि पिठलं. इथे घेण्यासारखं म्हणजे घरचा इंद्रायणी तांदूळ आणि नाचणीचं पीठ. तांदूळ नवा असेल तर पाणी कमी लागतं, विकणाऱ्या काकूंना किती महिन्यांचा ते विचारा.

मेढ्यापासून सातारा पंचवीसेक किलोमीटर. रस्ता कण्हेर धरणाच्या पाण्याच्या बाजूने लहान-लहान चढ-उतार घेत जातो. दुपारच्या उन्हात हेच छोटे चढ घाटापेक्षा जास्त दमवतात, त्यामुळे मेढ्यात पाणी भरून घ्या आणि शक्यतो तीननंतर निघा.

साताऱ्यात वाघ्या घेवडा आणि कंदी पेढे. पेढे भाजक्या खव्याचे असल्यामुळे साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतात, तरी बंद डब्यात गरम भरलेले घेऊ नका. सामान रचताना तळाला तांदूळ, घेवडा आणि गूळ. मध्ये कपड्यांत गुंडाळलेल्या काकवी-मधाच्या बाटल्या, झाकणावर चिकटपट्टी. वर हळकुंडं कापडी पिशवीत, पिठापासून लांब, कारण हळदीचा वास पिठाला लागतो. स्ट्रॉबेरी आणि पेढे हातातल्या पिशवीत. रेल्वेने परतणार असाल तर खाण्याचं सगळं सायकलवरून काढून घ्या; पार्सलच्या डब्यात उंदीर असतात.